हाडाचं वेळापत्रक

सकाळी ८:३०

दवाखाना सव्वानऊला उघडतो. त्याआधीचा थोडा वेळ मी लेझरसाठी राखून ठेवते. मशीन छोटंसंच आहे, ८१० नॅनोमीटरचं डायोड लेझर. हिरडी कापायचं कामही हेच मशीन करतं, पण त्यासाठी टोक वेगळं लागतं आणि ताकद कितीतरी जास्त. दात सरकवण्याच्या कामाला मी चपट्या तोंडाचा जाड हँडपीस लावते आणि पडद्यावर ०.१ वॅट, म्हणजे १०० मिलीवॅट, एवढाच आकडा ठेवते. मग हँडपीसचं तोंड पॉवर मीटरवर टेकवून खरोखर किती उजेड बाहेर पडतो ते बघते. आज मीटर ८४ दाखवतो. काचेवर कालच्या प्लॅस्टिक कव्हरचा चिकटा राहिला असणार. स्पिरिटच्या बोळ्याने पुसते, पुन्हा टेकवते. ९६. एवढं चालेल.

या मोजणीवर माझा फार जीव आहे. गोळीवर मिलिग्रॅम छापलेले असतात, उजेडावर काही छापलेलं नसतं. १०० मिलीवॅटचा उजेड एका जागी दहा सेकंद धरला की १ ज्यूल ऊर्जा जाते. ताकद घटली आणि सेकंद तेवढेच राहिले, तर डोस कमी पडतो आणि तो कमी पडल्याचं ना रुग्णाला कळतं ना डॉक्टरला. शिवाय हे औषध उलटंही फिरतं. फार कमी दिलं तर काहीच होत नाही, फार जास्त दिलं तर पेशींचं काम मंदावतं. मधला पट्टा अरुंद आहे. त्या पट्ट्यात आहोत की नाही, हे मीटरशिवाय सांगता येत नाही.

८१० नॅनोमीटरचा उजेड डोळ्यांना दिसत नाही. हँडपीसच्या तोंडाशी दिसणारा लाल ठिपका निशाणीपुरता असतो, खरा किरण त्याच्यासोबत अदृश्यच जातो. दिसत नाही म्हणून डोळा मिटत नाही, आणि धोका तिथेच आहे. म्हणून तीन चष्मे काढून ठेवते, माझा, असिस्टंट ताईंचा आणि रुग्णाचा. काड्यांवर नॅनोमीटरचा पट्टा छापलेला असतो, तो वाचूनच चष्मा घ्यायचा. साधा काळा गॉगल इथे कामाचा नाही. खुर्चीसमोरचा आरसा झाकते, दारावर पाटी लावते.

सकाळी ९:१५

‘मॅडम, मार्चपर्यंत होऊन जाईल ना?’

प्रश्न आईचा. मुलगी शेजारी बसलीय. लग्न ठरलंय, हातात सहा महिने आहेत. वरचे समोरचे दात एकमेकांवर चढलेले, डावा सुळा ओठाकडे बाहेर आलेला. आईंनी मोबाइलवर व्हिडिओ बघितलाय. तोंडात निळसर-लाल उजेडाचं यंत्र धरलेली मुलगी आणि खाली ‘निम्म्या वेळात सरळ दात’.

तारांच्या उपचाराला सरासरी वीसेक महिने लागतात. जगभरातले अभ्यास एकत्र करून आलेला आकडा आहे हा, आणि आमच्या खुर्चीवरचा अनुभवही तोच. एवढा वेळ का, हे मी प्रत्येक नव्या रुग्णाला कागदावर काढून दाखवते. वीस महिने अंगावर तार वागवायची, तर तोंडात काय चाललंय हे माणसाला माहीत असायलाच हवं.

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचं एक पातळ अस्तर असतं, जेमतेम पाव मिलीमीटर जाडीचं. बाजेची वीण जसा माणसाचा भार झेलते, तसे हे तंतू चावण्याचा भार झेलतात. तारेने दाताला एका बाजूला ओढलं की त्या बाजूचं अस्तर दबतं आणि दुसऱ्या बाजूचं ताणलं जातं. दबलेल्या बाजूला हाड खाणाऱ्या पेशी जमतात, ताणलेल्या बाजूला हाड बांधणाऱ्या. एका बाजूने हाड विरघळतं, दुसऱ्या बाजूने भरतं, आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेत दात सरकतो. स्वीडनच्या कार्ल सँडस्टेट यांनी कुत्र्यांच्या दातांवर प्रयोग करून १९०४ च्या सुमाराला हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं होतं. तेव्हापासून तारा बदलल्या, ब्रॅकेट बदलले, हाडाची रीत तीच राहिली.

वेग साधारण महिन्याला एक मिलीमीटर. जोर वाढवला म्हणून वेग वाढत नाही, उलट घोटाळा होतो. अस्तर फार दबलं की त्यातला रक्तपुरवठा तुटतो, तेवढा भाग निर्जीव होतो, आणि शरीर तो भाग साफ करेपर्यंत दात दोन-तीन आठवडे जागचा हलत नाही. कधी मुळाचं टोकही झिजतं. आईंनी विचारलं, ‘मग तार जास्त टाइट केली तर?’ त्याचं उत्तर या दोन-तीन आठवड्यांत आहे.

‘आणि लाइट?’

उजेड मी वापरते, हे सांगितलं. त्याने दुखणं कमी होतं असा अनुभव आहे आणि त्याला अभ्यासांचा बऱ्यापैकी आधारही आहे. सुरुवातीच्या टप्प्यात दात थोडे लवकर हलल्याचे काही निष्कर्ष आहेत. पण वीस महिन्यांचे दहा होतात असं मी लिहून देणार नाही, कारण तसं सिद्ध झालेलं नाही. मार्चपर्यंत समोरचे दात बरेचसे ओळीत येतील, सिरॅमिकचे दाताच्या रंगाचे ब्रॅकेट लावले तर फोटोत फारसे दिसणार नाहीत, आणि चावा बसवायचं उरलेलं काम लग्नानंतर करता येईल. लग्नापुरत्या तारा काढून नंतर पुन्हा लावायच्या, हा पर्याय मला आवडत नाही. दात मागे फिरतात आणि मेहनत दुप्पट होते.

मुलगी पहिल्यांदाच बोलली. ‘सासर पुण्याला आहे. तिथे कोण बघेल?’ हा तिचा खरा प्रश्न होता. फाइल, फोटो, एक्स-रे सगळं देऊ, तिथल्या डॉक्टरांशी मी बोलेन, असं सांगितलं. रात्री फोन करतो म्हणून दोघी गेल्या.

सकाळी १०:३०

काटोलची मुलगी. बारावीला आहे, वडिलांसोबत एसटीने येते. वरच्या दोन्ही बाजूंच्या पहिल्या उपदाढा काढलेल्या आहेत आणि त्या जागेत सुळे मागे ओढायचं काम चालू आहे. सुळ्याचं मूळ सगळ्या दातांत लांब, म्हणून हे काम रेंगाळतं. डावा सुळा चांगला चाललाय. उजवा मागे पडलाय. कॅलिपरने मोजलं तर दोन्हींत एक मिलीमीटरहून जास्त फरक. फरक असाच वाढला तर समोरच्या दातांची मध्यरेषा सरकेल.

उजेडाकडे हात जाण्याआधी साधी कारणं तपासायची असतात. ब्रॅकेटच्या खाचेत तार अडकलीय का? काढून बघितली, दाढेच्या नळीशी तारेवर बारीक खाच पडलीय, तिथे घर्षण होतंय. तार बदलली. खालचा दात वरच्या सुळ्याला चावताना अडवतोय का? निळा कागद चाववून बघितला, नाही. सुळ्यावर टिचकी मारली, आवाज बाकी दातांसारखाच, म्हणजे मूळ हाडाला चिकटलेलं नाही. स्प्रिंगचा जोर गेजने मोजला, दोन्हीकडे १५० ग्रॅमच्या आसपास. रबराची चेन मी या कामाला टाळते, ती पहिल्या दिवसभरातच जवळपास अर्धा जोर गमावते. निकेल-टायटॅनियमची स्प्रिंग आठवडेच्या आठवडे तोच हलका जोर धरून ठेवते.

एवढं झाल्यावर लेझर. चष्मे लावले. हिरडी कापसाने कोरडी केली, कारण लाळेच्या थरात उजेड विखुरतो. सुळ्याच्या मुळावर बाहेरून पाच ठिकाणं, हिरडीच्या काठाशी दोन, मध्ये एक, टोकाशी दोन. तशीच पाच टाळूच्या बाजूने. प्रत्येक ठिकाणी हँडपीस हलकेच टेकवून दहा सेकंद. मशीन बीप करतं, मी सरकते. एकूण दहा ज्यूल. टाळूच्या बाजूला हँडपीस वाकडा धरावा लागतो, मुलीला मळमळतं, मग थांबायचं, नाकाने श्वास घ्यायला सांगायचं, पुन्हा सुरू. हात हलला तर उजेड भलतीकडे जातो, म्हणून करंगळी शेजारच्या दातावर टेकवून ठेवते. काही जाणवतं का विचारलं तर म्हणते, थोडं कोमट. बस, तेवढंच.

वडील उभे राहून बघत होते. ‘मॅडम, लाइट मारल्यानं दात लवकर सरकते म्हणता, मंग दोन्हीकडं काहून नाही मारत?’

कारण एकच, आपल्याला मागे पडलेल्या दाताला गाठायचंय. पण त्यांच्या प्रश्नात संशोधनाची एक जुनी युक्ती आपसूक आलीय. एका बाजूला उजेड द्यायचा, दुसऱ्या बाजूला हँडपीस नुसता टेकवायचा, बीपही वाजू द्यायचा, पण उजेड बंद ठेवायचा. माणूस तोच, जेवण तेच, हाड तेच, फरक फक्त उजेडाचा. असा अभ्यास इथे नागपुरातच, शासकीय दंत महाविद्यालयात झालाय. २०१२ साली तो अमेरिकेच्या ऑर्थोडॉन्टिक्समधल्या अग्रगण्य नियतकालिकात छापून आला. वीस रुग्ण, सुळे मागे ओढायचंच काम, डायोड लेझर. उजेडाच्या बाजूला दात सरासरी ३० टक्के जास्त वेगाने सरकले आणि दुखणंही कमी झालं. काटोलच्या बापाला हे सांगताना मला मनापासून अभिमान वाटतो, की हा शोध ‘मेडिकल’च्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, आवारातल्या खुर्च्यांवर, याच भागातल्या पोरांच्या तोंडात लागलाय.

पण त्याच निबंधातली दुसरी गोष्टही मी त्यांना सांगितली. उजेड पहिल्या महिन्यात पहिल्या दिवशी, तिसऱ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी दिला होता, पुढे दर पंधरा दिवसांनी. एरवी तारेचा रुग्ण महिन्यातून एकदा येतो. काटोल-नागपूर साठेक किलोमीटर, जाऊन-येऊन अर्धा दिवस, वडिलांची मजुरी बुडते, पोरीचा क्लास बुडतो. ३० टक्के वेग कुठे कामी येतो आणि किती फेऱ्यांच्या मोलाने, हा हिशेब निबंधात नसतो. तो आम्ही तिघांनी इथे उभ्याने केला. पुढची फेरी तिसऱ्या दिवशी, त्यानंतरचं फोनवर ठरवू.

सकाळी ११:४५

तुटलेला ब्रॅकेट. शेंगदाण्याची चिक्की. गेल्या महिन्यातही हाच दात होता. ब्रॅकेट नसलेला दात महिनाभर नुसता उभा राहिलाय आणि शेजारच्यांनाही अडवून बसलाय. पुन्हा चिकटवला, पातळ तारेवर परत आलो, म्हणजे दोन पायऱ्या खाली. एका चिक्कीने जेवढा वेळ गेला, तेवढा कोणताही उजेड भरून देणार नाही.

दुपारी १२:१५

दोन रुग्णांच्या मध्ये आमच्या नवीन डॉक्टर मुलीचा प्रश्न. नुकतीच बीडीएस झालीय, एमडीएसच्या परीक्षेची तयारी करतेय. ‘मॅम, हाडाच्या पेशीला उजेडाचं काय कळतं? ती काही डोळ्यातली पेशी नाही.’

हा प्रश्न मला फार आवडतो. पेशीत ऊर्जा तयार होते ती मायटोकॉन्ड्रियात, आणि तिथल्या साखळीच्या शेवटच्या टप्प्यावर सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम बसलेलं असतं. त्यात लोह आणि तांबं असतं. तांबडा आणि जवळच्या अवरक्त पट्ट्यातला उजेड हे एन्झाइम शोषून घेतं. टीना कारू यांनी मॉस्कोत वर्षानुवर्षं हे काम केलं आणि उजेडाचा स्वीकार करणारी जागा हीच असावी असं मांडलं. एक तर्क असा की, दमलेल्या पेशीत या एन्झाइमवर नायट्रिक ऑक्साइड बसून त्याचं काम अडवतं, उजेड त्याला तिथून सोडवतो आणि ऊर्जा पुन्हा बनू लागते. हाडाच्या बाबतीत प्राण्यांवरच्या प्रयोगांत उजेडाच्या बाजूला हाड खाणाऱ्या पेशी लवकर आणि जास्त संख्येने जमलेल्या दिसल्यात. जपानमधल्या कावासाकी आणि शिमिझू यांच्या २००० सालच्या प्रयोगात ८३० नॅनोमीटरच्या लेझरने उंदरांचे दात १.३ पट सरकले होते.

तिने लगेच विचारलं, नेमके हेच नॅनोमीटर का? उत्तर शरीराच्या पारदर्शकतेत आहे. निळा-हिरवा उजेड रक्त आणि मेलॅनिन वरच्यावर खाऊन टाकतं. हजार नॅनोमीटरच्या आसपास आणि पुढे पाणी अडवू लागतं. मधल्या पट्ट्यातला उजेड त्यातल्या त्यात खोल जातो. तरी हिरडी आणि हाड ओलांडून मुळाच्या अस्तरापर्यंत पोचतो तो थोडाच.

याची सुरुवातही ऐकण्यासारखी आहे. थिओडोर मेमन यांनी १९६० साली पहिलं लेझर बनवलं, माणकाच्या कांडीचं. सातच वर्षांनी बुडापेस्टमध्ये एंड्रे मेस्टर नावाच्या शल्यविशारदाने त्याच जातीच्या लेझरचा मंद किरण उंदरांच्या पाठीवर टाकला. आधी केस काढले होते. किरणाने अपाय होतो का ते त्यांना बघायचं होतं. उजेड दिलेल्या उंदरांचे केस लवकर उगवले. जाळण्या-कापण्यासाठी ओळखला जाणारा किरण मंद केला की पेशीला चालना देतो, ही गोष्ट त्या उंदरांच्या पाठीवर पहिल्यांदा दिसली. मेस्टर यांनी पुढे तो न भरणाऱ्या जखमांवर वापरला. आज कॅन्सरच्या रुग्णांना रेडिएशन किंवा केमोने तोंडात पडणाऱ्या वेदनादायक व्रणांसाठी हा उजेड आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांच्या शिफारशीने दिला जातो. तिथला पुरावा दातांच्या वेगापेक्षा कितीतरी भक्कम आहे.

दुपारी १:३०

जेवण. डबा, ताक, पंधरा मिनिटं डोळे मिटून.

दुपारी २:३०

एका कंपनीचा प्रतिनिधी आलाय. घरी वापरायचं एलईडीचं यंत्र, तोंडात धरायचं, रोज काही मिनिटं. चकचकीत माहितीपत्रकावर ठळक अक्षरात वेग दुपटीहून जास्त. मी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि आकडा कुठून आला ते विचारलं. असा एक अभ्यास मला ठाऊक आहे. २०१३ साली ‘प्रोग्रेस इन ऑर्थोडॉन्टिक्स’मध्ये आला, ८५० नॅनोमीटरचा एलईडी, घरी वापरायचा. उजेडाच्या गटात आठवड्याला १.१२ मिलीमीटर, बिनउजेडाच्या गटात ०.४९. पाठ आहेत मला हे आकडे, कारण ते कसे वाचायचे हे मी विद्यार्थ्यांना शिकवते.

पहिली गोष्ट, हे मिलीमीटर एका दाताच्या प्रवासाचे नाहीत. समोरच्या सहा दातांमध्ये पाच सांधे असतात, प्रत्येक सांध्यावर दात एकमेकांपासून किती सरकलेत ते मोजून पाचही मापांची बेरीज करतात. त्या बेरजेतली घट आठवड्यामागे किती, ते हे आकडे सांगतात. दुसरी, उजेडाच्या गटात ७३ माणसं आणि दुसऱ्यात १७. एवढ्या विषम गटांत सतराजणांच्या दातांची मुळातली गर्दी कमी-जास्त असेल तर निकाल डोलतो. तिसरी, हा सगळा वेग दात ओळीत आणण्याच्या पहिल्या टप्प्याचा आहे. वीस महिन्यांतले ते पहिले काही महिने. पुढे जागा मिटवणं, चावा जुळवणं, मुळं सरळ करणं, या टप्प्यांवर हा आकडा लावता येत नाही.

आणि निबंध दोन्ही बाजूंचे आहेत. ब्राझीलमध्ये २००४ साली अकराजणांवर केलेल्या अभ्यासात ७८० नॅनोमीटरने सुळे लवकर सरकले. थायलंडमध्ये २००६ साली बाराजणांवर ८६० नॅनोमीटरने काही फरकच पडला नाही, आणि डोस कमी पडला असावा असं संशोधकांनीच लिहिलं. लहान लहान अभ्यास, प्रत्येकाचा उजेड वेगळा, ताकद वेगळी, दिवस वेगळे. २०२३ साली वैद्यकीय पुराव्यांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने यातल्या चाचण्या एकत्र वाचल्या. कंपन देणारी आणि उजेड देणारी उपकरणं धरून २३ चाचण्या, हजारावर माणसं. निष्कर्ष असा, की उजेडाने एकूण उपचाराचा काळ कमी होतो असं दिसत नाही. काही टप्प्यांमध्ये थोडा फायदा असू शकतो, पण पुरावा कमकुवत आहे आणि तो फायदा रुग्णाच्या कामी किती येतो हे शंकास्पद.

तो पोरगा शांतपणे ऐकत होता. त्याच्या हातात टार्गेट आहे, हे मला समजतं. माहितीपत्रक मी ठेवून घेतलं. यंत्र घेतलं नाही. महिन्याच्या हप्त्याने तार लावणाऱ्या माझ्या रुग्णाला उपचाराच्या निम्म्या किमतीचं यंत्र विकायचं, तर त्याचे किती महिने वाचणार हे मला सांगता आलं पाहिजे, आणि ते सांगता येत नाही. उजेडाचे वेगळे पैसे मी खुर्चीवरही घेत नाही, ते याचसाठी.

दुपारी ४:००

शाळा सुटली. वेटिंगमध्ये दप्तरांचा ढीग.

आठवीतल्या मुलाला काल दाढांमध्ये निळे रबरी सेपरेटर घातले होते, बँड बसायला जागा व्हावी म्हणून. रात्रभर दुखलं, पोळी चावता येत नाही म्हणून आज वरण-भातच खाल्लाय. आजोबा काळजीत. ‘गोळी देऊ का? घरात आहे एक.’ बघितली तर आयबुप्रोफेन. ती गोळी दुखणं थांबवते ते प्रोस्टाग्लँडिन अडवून, आणि हाड खाणाऱ्या पेशींना बोलावण्यात त्याच प्रोस्टाग्लँडिनचा हात असतो. एखाद्या गोळीने काही बिघडत नाही, पण रोज घेतली तर दात मंदावू शकतो. म्हणून तारेच्या रुग्णाला मी पॅरासिटामॉलच सुचवते, तेही लागलं तरच. आजोबांना ते लिहून दिलं.

मग त्या दोन्ही दाढांभोवती उजेड. दुखण्यावरचा उपयोग मला वेगापेक्षा जास्त खात्रीचा वाटतो. नागपूरच्या अभ्यासातही दुखणं कमी झालेलं होतं, बाकीही बऱ्याच अभ्यासांत ते येतं. इथे मनाचा भाग असतो हेही खरं. चष्मा घातलेला, लाल ठिपका बघणारा मुलगा थोडा तरी सुखावतोच. म्हणून तर खोट्या बीपचे अभ्यास लागतात. मुलगा उठून म्हणाला, जरा बरं वाटतंय. आजोबांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि चष्मा परत देताना काडीवरचे आकडे वाचून ‘हे काय असतं?’ असं मला विचारलं. सांगितलं. नीट ऐकून घेतलं त्यांनी.

तासाभरात आणखी नऊ-दहाजण. तारा बदलल्या, रंगीत मॉड्यूल लावले, कुणाला जांभळे, कुणाला केशरी. दोघांच्या हिरड्या सुजलेल्या. ब्रश नीट न करणाऱ्याला मी उजेड देत नाही. आधी पू आणि किटण काढायचं. सुजलेल्या अस्तरात हाड कमी होतं, तिथे दात सरकवायची घाई करणं धोक्याचं असतं.

संध्याकाळी ६:००

हिंगण्याच्या एमआयडीसीतून सुटून येणाऱ्या एक ताई. अलाइनर वापरतात, पारदर्शक साचे, दिवसातून २२ तास. त्यांनी बाहेर कुठेतरी ऐकलंय की उजेड घेतला तर साचे लवकर बदलता येतात. त्यांच्या फॉर्ममध्ये चालू औषधांत डॉक्सिसायक्लिन लिहिलंय, चेहऱ्यावरच्या पुरळांसाठी. हे औषध घेणाऱ्यांची त्वचा उजेडाला जास्त संवेदनशील होते. त्रास बहुतेक उन्हातल्या अतिनील किरणांचा असतो, आपल्या पट्ट्याचा नव्हे. तरीही औषधाचा कोर्स संपेपर्यंत थांबू, असं ठरवलं. त्यांचा खालचा साचा दाताला घट्ट बसत नव्हता, कडेला फट दिसत होती. म्हणजे दात साच्याच्या मागे राहिलाय. विचारलं, तर दुपारचं जेवण, चहा, मीटिंग मिळून साचा रोज सहा-सात तास बाहेरच असतो. इथे बोलायचं होतं ते या तासांबद्दल, आणि आम्ही तेच बोललो. कॅन्टीनमध्ये डबी कुठे ठेवायची, चहा दोनऐवजी एकदाच घेता येईल का, असं.

संध्याकाळी ७:१५

खुर्ची पुसून झाली, उपकरणं ऑटोक्लेव्हमध्ये गेली. आता माझी वही. उजेड दिलेल्या प्रत्येक रुग्णाचं मी लिहून ठेवते. तारीख, ज्यूल, जागा, कॅलिपरचं माप, स्प्रिंगचा जोर. काटोलच्या मुलीच्या पानावर आजची ‘तार बदलली’ ही नोंदही केली. पुढच्या महिन्यात उजवा सुळा वेगाने सरकला तर त्याचं श्रेय उजेडाला की बदललेल्या तारेला, हे तिच्या एकटीच्या पानावरून कळणार नाही. पण पुष्कळ पानं जमली की कुठली कारणं पुन्हा पुन्हा येतात ते दिसू लागतं, आणि माझ्या वहीत सर्वांत जास्त वेळा येणारं कारण चुकलेल्या तारखा आहे. त्याखाली तुटलेले ब्रॅकेट. उजेडाने झालेला फरक, जिथे झाला असं वाटतं तिथे, मिलीमीटरच्या दशांशांत आहे.

तो दशांशही मला मोलाचा वाटतो. त्यामागे जिवंत पेशीची हालचाल आहे आणि ती समजून घेण्यात माझी आत्तापर्यंतची सगळी वर्षं गेलीत. उद्या कुणी नीट मोठी चाचणी केली, एकच डोस, एकच पद्धत, शेकडो रुग्ण, शेवटच्या ब्रॅकेटपर्यंत मोजमाप, तर माझी मतं बदलायला मी आनंदाने तयार आहे. तशी चाचणी महाराष्ट्रातल्या दंत महाविद्यालयांनी एकत्र येऊन करावी अशी माझी फार इच्छा आहे. रुग्ण आहेत, शिकणारे हात आहेत. एका महाविद्यालयाच्या वीस रुग्णांनी इतकं सांगितलं, तर दहा महाविद्यालयांनी मिळून किती सांगता येईल.

रात्री ८:१०

लग्न ठरलेल्या मुलीच्या आईचा फोन. सिरॅमिकचे ब्रॅकेट, लगेच सुरू करू, उरलेलं लग्नानंतर. पुण्याच्या डॉक्टरांचं नाव मात्र आत्ताच सांगून ठेवा म्हणाल्या. सोमवारी माप घ्यायला बोलावलं.

मग काटोलला मी फोन लावला. मुलीच्या कॉलेजात त्याच दिवशी प्रॅक्टिकल निघालंय, तिसऱ्या दिवशी येणं जमणार नाही. वडील संकोचले होते.

‘लाइट नाही मारला तं चालते का जी?’

‘चालतं. प्रॅक्टिकल होऊ द्या. महिन्याची तारीख तेवढी चुकवू नका, आणि स्प्रिंग सुटली तर त्याच दिवशी फोन करा.’

‘बरं, तारीख सांगा, लिहून घेतो.’

चौदा तारीख दिली, सकाळी साडेदहा, पहिल्या एसटीने आलात तर दुपारपर्यंत परत जाल.